आधी कुठलं टूल: डिझाइनच्या आवृत्त्या सांभाळणारं की बगच्या (ॲपमधल्या चुकांच्या) नोंदी ठेवणारं?

आमची टीम सहा जणांची, मी टेस्टिंग बघते. आमच्या मराठी ॲपमध्ये ‘पुढे’ या बटणावर ‘पु’चा उकार खालून कापला जात होता. डिझायनर म्हणाली, “उंची वाढवून मला तीन आठवडे झाले.” डेव्हलपरने त्याच्याकडची फाइल उघडली, तर बटण जुन्याच उंचीचं. दोघंही खरं बोलत होते.

म्हणून टूल निवडण्याआधी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या महिनाभराच्या तक्रारी काढून बसा. काम जुन्या डिझाइनवरून झालं असेल, तर ती आवृत्तीची भानगड. डिझाइन ताजं होतं आणि तरी फोनवर बिघडलं, तर तो बग. ज्याचा ढीग मोठा, ते टूल आधी.

ढीग आवृत्त्यांचा असेल आणि तुम्ही फिग्मा (डिझाइन करायचं ऑनलाइन टूल) वापरत असाल, तर वेगळं काही विकत घेऊ नका. जुन्या आवृत्त्या त्यात आपोआप राहतात, फक्त फुकट प्लॅनमध्ये ३० दिवसांपर्यंतच्याच दिसतात. मात्र आवृत्तीला नाव द्यायची सवय लावा: ‘उकार कापतो, उंची ४० वरून ४८’. नुसत्या तारखेवरून महिन्याभराने कुणाला काही कळत नाही. फोटोशॉपच्या फाइली असतील तर साधं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) अपुरं पडतं. नेमकं काय बदललं ते दिसत नाही, आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब (गिटमधलं काम ऑनलाइन ठेवायची जागा) घेतच नाही, त्यासाठी गिट एलएफएस ही मोठ्या फाइलींसाठीची जोड लावावी लागते.

ढीग बगचा असेल आणि कोड गिटहबवर असेल, तर तिथलं इश्यूज हे नोंदींचं पान छोट्या टीमला पुरतं. टीम मोठी, मंजुरीचे टप्पे जास्त, तर जिरा हे बग आणि कामं नोंदवायचं टूल. मोझिलाचं (फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांचं) बगझिला १९९८ पासून आहे आणि फुकट आहे, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं. कुठलंही घ्या, आधी सपोर्टला बसणाऱ्या व्यक्तीकडून एक बग नोंदवून घ्या. तिला दोन मिनिटांत जमलं नाही, तर तक्रारी पुन्हा व्हॉट्सॲपवरच येणार, हे मी पाहिलंय.

दोन्ही ढीग सारखेच निघाले तर मी बगचं टूल आधी घेईन, कारण बगच्या नोंदीत डिझाइनची लिंक चिकटवता येते. आमच्या फॉर्ममध्ये फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, एवढं असतं. शेवटचा रकाना डिझाइनच्या त्या आवृत्तीच्या लिंकचा. तो रिकामा आला तर मी बग परत पाठवते.