मालिकेतला नवा भाग कसा पारखावा

पोकेमॉनसारख्या १९९६ पासून चालत आलेल्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला एखादा भाग पारखताना आपण नकळत दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ करतो. हा गेम स्वतःच्या बळावर कसा आहे, हा एक प्रश्न. आणि आधीच्या भागांच्या मानाने त्याने काय बदलले, हा दुसरा. मी या दोन प्रश्नांसाठी वहीची दोन स्वतंत्र पाने ठेवतो, आणि ज्यांना हातात धरून खेळायच्या आरपीजीचे (पात्राची भूमिका घेऊन त्याची ताकद वाढवत नेण्याच्या गेमचे) परीक्षण मनापासून करायचे आहे त्यांनीही तसेच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिल्या पानासाठी मालिकेशी ओळख नसलेला खेळाडू शेजारी बसवावा. इंदुरात रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या हातात मी निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या यंत्रावरचा पोकेमॉनचा २००६ चा ‘डायमंड’ हा भाग दिला, तेव्हा मालिकेचे नाव सोडून तिला काहीही ठाऊक नव्हते. तिसऱ्या लढाईत तिने विचारले, “मामा, ही पट्टी इतकी हळू का उतरते?” एचपीची, म्हणजे लढणाऱ्याची उरलेली शक्ती दाखवणारी, ती पट्टी खरोखरच रेंगाळत उतरते, आणि मी मात्र सवयीने ते केव्हाच गृहीत धरून बसलो होतो. २००८ च्या ‘प्लॅटिनम’मध्ये लढायांचा वेग वाढवला गेला, म्हणजे तिचा प्रश्न अगदी रास्त होता. अशा वेळी खेळणाऱ्याला उत्तर देऊ नये, मदतही करू नये. प्रश्न तेवढा वेळेसकट टिपून ठेवावा. नवख्याला नियम गेममधूनच उमगतात की जुन्या भागांच्या आठवणीवर सारा कारभार चालला आहे, हे याच नोंदींतून कळते.

त्यानंतर गेम घराबाहेर न्यावा. सोफ्यावर तीन तास निवांत खेळून हातातल्या गेमची परीक्षा होत नाही. ती राजवाड्याहून निघालेल्या सिटी बसमध्ये, आवाज बंद ठेवून, पुढच्या स्टॉपवर उतरायचे असताना होते. पंधरा मिनिटांत एखादे काम तडीस जाते का, मध्येच थांबता येते का, दोन दिवसांनी पुन्हा उघडल्यावर आपण कुठे निघालो होतो ते आठवायला गेम मदत करतो का, हे पाहावे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही मालिका १९८६ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर सुरू झाली आणि तिचा नववा भाग २००९ मध्ये थेट डीएसवर आला. नेहमीचे सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला त्याची नोंद, गेममधल्या चर्चमध्ये जाऊन करण्याची जुनी रीत त्याने ठेवली, पण वाटेत थांबण्यासाठी तात्पुरत्या सेव्हचीही सोय दिली. याउलट या भागाच्या एका कार्ट्रिजवर (यंत्रात घालायच्या गेमच्या छोट्या डबीवर) एकाच खेळाडूचा सेव्ह राहतो, आणि ज्या घरात दोन भावंडांत एक कार्ट्रिज आहे तिथे हा दोष मोठा ठरतो. परीक्षणात तो ठळकपणे लिहिलाच पाहिजे.

दुसऱ्या पानावर बदल नोंदवावेत, आणि त्यांत चित्रांपेक्षा नियमांकडे जास्त लक्ष द्यावे. चित्रे कशी सुधारली ते कोणालाही दिसते. नियम बदलला की खेळ आतून कसा बदलतो, हे सांगणे हे परीक्षकाचे खरे काम आहे. याचे माझे आवडते उदाहरण स्निझल या पोकेमॉनचे आहे. त्याचा ‘अटॅक’, म्हणजे अंगाने केलेल्या वारांची ताकद, ९५, तर ‘स्पेशल अटॅक’, म्हणजे बाकीच्या खास वारांची ताकद, जेमतेम ३५. २००६ पूर्वी एखादा वार कोणत्या आकड्यावर मोजायचा हे त्या वाराच्या प्रकारावरून ठरत असे, आणि स्निझलचे आइस (बर्फ) आणि डार्क (अंधार) हे दोन्ही प्रकार ‘स्पेशल’मध्ये मोडत, त्यामुळे त्याची खरी ताकद त्याच्या स्वतःच्याच वारांना कधी लाभली नाही. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये प्रत्येक वाराची वर्गवारी स्वतंत्र झाली आणि हाच प्राणी एकाएकी कामाचा ठरला. ‘लढाया अधिक खोल झाल्या आहेत’ असे मोघम वाक्य लिहिण्याऐवजी असा एक प्राणी घ्यावा, दोन्ही भागांत खेळवावा आणि फरक आकड्यांनिशी मांडावा.

अनुभवाच्या गुणांची वाटणीही याच नजरेने तपासावी. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये ‘एक्सपी शेअर’ चालू ठेवला की सगळ्या चमूला गुण मिळतात. तो बंद करून तीच लढाई पुन्हा खेळल्यास अवघडपणा किती वाढतो ते नेमके कळते. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये तो बंद करण्याची सोयच राहिली नाही, आणि माझ्या मते हे खेळाडूचे नुकसान आहे. मात्र प्रत्येक काढून घेतलेली गोष्ट तोट्याच्या खात्यात टाकू नये. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ने मुख्य कथा संपेपर्यंत जुने पोकेमॉन दूर ठेवले आणि फक्त १५६ नवे दिले, तेव्हा जुने खेळाडू हळहळले, पण जुना आणि नवखा एकाच रेषेवर उभे राहिले, आणि मालिकेने दाखवलेले हे धाडस मला आजही मोलाचे वाटते.

निकाल लिहिण्याची घाई कथा संपल्यावर येणारी निर्मात्यांची नामावली पाहून करू नये. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये मुख्य कथेनंतर पहिल्या भागातला कांटो प्रदेश आणखी आठ बॅजेससह (मोठ्या लढाया जिंकल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांसह) खुला होतो, तिथवर न गेलेल्याने त्या भागाबद्दल मत देणे अन्यायाचे आहे. जुना भाग सेकंडहँड घेऊन खेळणार असाल, तर कार्ट्रिजची आधी परीक्षा घ्यावी. मी बाजारातल्या एका दुकानातून घेतलेले ‘सिल्व्हर’ अकराव्या बॅजनंतर एका सकाळी कोरे निघाले, कारण त्यातला सेव्ह आणि घड्याळ दोन्ही आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतात आणि ती वीस वर्षांत संपत आलेली असते. ती झाळून बसवलेली असल्यामुळे बदलायला कारागीरच लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी दहा मिनिटे खेळून सेव्ह करावे, यंत्र बंद करून रात्रभर तसेच ठेवावे, आणि सकाळी सेव्ह जागेवर आहे ना, गेम पुन्हा वेळ लावायला सांगत नाही ना, हे पाहूनच वहीचे पहिले पान उघडावे.