काम सुटलं की आधी धंदा लिहा, मग अर्ज

मी रांजणगाव शेणपुंजीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. माहेर गेवराई तालुक्यातलं, त्यामुळे माझ्याकडे वाळूज एमआयडीसीतली माणसं येतात तशी गावाकडचीही येतात. काम सुटलं की सगळ्यांचं बोलणं एकच, "ताई, बेकारांना सरकार काहीतरी देतं म्हणे, तेवढं भरून द्या." मी लगेच कॉम्प्युटरला हात लावत नाही. आधी वही काढते आणि तीन गोष्टी लिहून घेते. काम काय करत होता, हजेरी कोण मांडायचं, पगारातून काय कापलं जायचं.

ही वही मी कोरोनाच्या आधीपासून ठेवते. चाळून बघितली की धंद्याप्रमाणे फरक डोळ्यात भरतो. ज्यांना खरंच पैसे मिळाले त्यांत ऑपरेटर, फिटर, पॅकिंगच्या बायका. ऊसतोडीवाले, जिनिंगवाले, सेंट्रिंगवाले त्या पानांवर जवळपास नाहीतच, आणि वर्षात सगळ्यात जास्त दिवस रिकामे बसतात ते हेच लोक. म्हणून तुमचा धंदा कोणता, यावरून पुढची वाट ठरवा.

कारखान्यात असाल तर पगारचिठ्ठी काढा आणि ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, ओळ शोधा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असला तर त्यातून पाऊण टक्का कापला जातो, मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. 15,000 पगाराला ही कपात 113 रुपयांच्या आसपास येते. एवढ्याशा रकमेवर काम सुटल्यावर भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना उभी आहे. 1 जुलै 2018 ला ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजाच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये कोरोनात ते 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. रोज 500 चा असेल तर दिवसाला 250, म्हणजे पूर्ण मिळाले तर 22,500 रुपये. घरभाडं आणि किराणा धरला तर रांजणगावात दोन-तीन महिने निघतात. मुदत वाढवत वाढवत ती 30 जून 2026 पर्यंत आणली आहे.

अर्ज काम सुटून 30 दिवस झाल्यावर करायचा. मालकाची सही घेऊन येण्याची गरज 2020 पासून राहिली नाही, कामगार स्वतः भरू शकतो. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. गैरवर्तनावरून काढलं असेल किंवा वयाप्रमाणे निवृत्त झाला असाल तर मिळत नाही. लोक अडकतात ते एका आकड्यावर, 78. योगदानाचा काळ सहा-सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्या काळात तुमच्या नावावर किमान 78 दिवस भरलेले दिसायला हवेत.

माझा धाकटा भाऊ इथेच घसरला. प्रेस शॉपमध्ये हेल्पर होता, काम ठेकेदाराकडचं. मध्ये ब्रेक दिला, ठेकेदार बदलला, मशीन तीच. नव्या ठेकेदाराने जुना विमा नंबर विचारलाच नाही, नवाच काढून दिला. काम सुटल्यावर मी अर्ज भरायला बसले तर एका नंबरावर 60 दिवस, दुसऱ्यावर 51. दोन्ही मिळून 111, पण वेगवेगळे बघितले तर दोन्हीकडे कमी. त्या रात्री त्याने दोन्ही कार्डं माझ्यासमोर टेबलावर ठेवली. फोटो त्याचाच, जन्मतारीख तीच, नंबर मात्र दोन. माझा संताप अजून गेलेला नाही, कारण पोराने एक दिवसही खाडा केला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक हेल्परला सांगते, कामावर लागायच्या दिवशीच जुना आयपी (विमा) नंबर कागदावर लिहून ठेकेदाराच्या हातात द्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन नंबर झालेच असतील तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात एकत्र करायचा अर्ज द्या. हे नोकरी चालू असतानाच करा, सुटल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

कंपनीच कायद्याने बंद झाली किंवा कामगारकपात झाली असेल तर 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. पहिले बारा महिने 50 टक्के, पुढचे बारा महिने 25 टक्के. पीएफ मात्र यात धरू नका, तो तुमचाच साठवलेला पैसा आहे.

आता हंगामी कामाचं. 1948 च्या ईएसआय कायद्यात हंगामी कारखाने वगळलेले होते, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते वगळलेलेच आहेत, आणि त्यांच्या यादीत कापसाचं जिनिंग-प्रेसिंग आहे, साखर आणि गूळही आहे. म्हणजे सेलू-परभणीकडचं जिनिंग आणि आमच्या बीड-जालन्याकडचे साखर कारखाने, मराठवाड्याचा कितीतरी रोजगार इथेच बाहेर पडला. ज्याचं काम दरवर्षी ठरलेल्या महिन्यात बंद पडतं, त्यालाच बेकारीचा विमा नाही. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तर मुकादमाच्या आगाऊ उचलीवर चालतो, तिथे पगारचिठ्ठीच नसते. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

सेंट्रिंग, गवंडीकाम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी जरूर करावी, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. एप्रिल 2020 मध्ये नोंदणी असलेल्यांच्या खात्यात 2,000 रुपये आले, तेव्हा शेजारचे बिगारी, ज्यांनी नोंदणी केली नव्हती, तसेच राहिले. पण काम नाही म्हणून दर महिन्याला काही मिळेल, अशी सोय तिथे नाही.

मग पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गावी परतलेल्या जोडप्याने काय करायचं? रोजगार हमीचा नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरायचा. रोहयो बहात्तरच्या दुष्काळात याच भागात गावोगावी पोचली, 2005 चा देशाचा कायदा तिच्याच वाटेने आला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी वर्षाला 125 दिवस कामाच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला, पण मागणीपासून 15 दिवसांत काम नाही तर भत्ता, हे सूत्र त्यातही आहे. 2005 च्या कायद्यात पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव, पुढे निम्मा. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर 312 रुपये, म्हणजे आधी 78 आणि मग 156.

हा भत्ता गावात कोणाला मिळालेला सहसा ऐकायला येत नाही. कारण बहुतेक जण तोंडी सांगतात, "सायेब, काम काढा." तोंडी मागणीला तारीख नसते, आणि तारीख नसली तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? माझी चुलती ऊसतोडीवरून एप्रिलमध्ये आली, ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेली, तर "ठेवून जा" म्हणाले. मी तिला फोनवरच सांगितलं, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. अर्ज दोन प्रतींत ने, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घे, जॉबकार्ड पिशवीत ठेव. ती दुपारभर ओट्यावर बसली. चारला पोच मिळाली. चुलतीने ती घडी घालून डाळीच्या डब्यात ठेवली, आणि अकराव्या दिवशी गाळ काढायच्या मस्टरवर तिचं नाव आलं.