या चुका टाळा: छर्रा डबी बघून नव्हे, नळी बघून घ्यायचा

एअर रायफलच्या रेंजवर हे नेहमी दिसतं. पोरगं छान खेळतंय, १०.४, १०.५, १०.३, आणि मध्येच ९.६. लगेच जॅकेटचा पट्टा आवळला जातो, खांद्याला टेकणारी बट प्लेट हलवली जाते, घरी आई म्हणते, "मोबाइल कमी बघ." छर्र्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. याउलट काही जण एक वाईट शॉट गेला की थेट छर्र्यालाच शिव्या घालतात. दोघांनीही आपल्या नळीला काय मानवतं हे कधी तपासलेलं नसतं.

आधी मोजमाप बघू. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला नुसती टेकली की १०.०, अगदी मधोमध बसला की १०.९. म्हणजे छर्र्याचं केंद्र अडीच मिलिमीटर सरकलं की सगळे दशांश गेले. एका दशांशाला पाव मिलिमीटर. आता तुमचा छर्रा नळीतून स्वतःच तीन मिलिमीटरचा पसारा घेऊन बाहेर पडत असेल, तर नेम शंभर टक्के बरोबर धरूनही कडेचा शॉट १०.४ च्या वर जाणार नाही.

दुसऱ्याची डबी

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्याकडचा एक मुलगा राज्य स्पर्धेत जोरात खेळला. तो ४.५० हेडचा, म्हणजे ४.५० मिलिमीटर डोक्याचा छर्रा वापरायचा. मी दुकानात जाऊन त्याच कंपनीच्या, त्याच हेडच्या दहा डब्या उचलल्या. डबीत पाचशे, म्हणजे पाच हजार छर्रे. दुकानदारानेही "हेच सगळे नेतात" म्हणून पाठ थोपटली. दोन महिन्यांनी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आवळून पाहिलं, तेव्हा कळलं की माझ्या नळीला ४.४९ लागतो.

मॅच (स्पर्धेच्या) छर्र्यांच्या डबीवर ४.४८ पासून ४.५२ पर्यंतचा आकडा असतो. तो छर्र्याच्या डोक्याचा व्यास. शंभराव्या भागाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्याही आतून तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे "कोणता छर्रा बेस्ट?" या प्रश्नाला उत्तर नाही. "माझ्या नळीला कोणता?" याला आहे. त्यासाठी तीन-चार हेडच्या एकेकच डब्या आणा, किंवा क्लबात चार जणांत वाटून घ्या.

शिवाय आकडा जुळला म्हणजे काम संपलं असंही नाही. त्याच ४.४९ चा पुढचा लॉट, म्हणजे कारखान्यातली पुढची खेप, वेगळा वागू शकतो. डबीमागचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा आणि पसंत पडलेल्या लॉटच्या डब्या हंगामभर पुरतील इतक्या एकदम घ्या. ५० मीटर रायफलवाले तर रायफल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉट निवडून आणतात. त्यांच्या मानाने आपलं काम स्वस्तातलं.

तीन शॉटची परीक्षा

खांद्यावरून तीन शॉट मारायचे, तिन्ही एकात एक गेले की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. ही परीक्षा नव्हे. शॉट वाढले की पसारा वाढतोच: त्याच नळीतून, त्याच छर्र्याने दहा शॉटचा ग्रुप (भोकांचा पुंजका) तीन शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच येतो. म्हणून तीन शॉटवर "हा चांगला, तो वाईट" ठरवणं हे नाणेफेकीसारखं आहे.

रायफल व्हाइसमध्ये धरा, प्रत्येक छर्र्याचे दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप घ्या. भोकाची बाहेरची कड ते कड व्हर्नियरने मोजा आणि साडेचार वजा करा. उरला तो खरा पसारा. दीड मिलिमीटरच्या आत आला तर पुढचा दोष छर्र्याला देऊ नका.

व्हाइस नसेल तर एक घरगुती तपासणी आहे. हवेचा सिलिंडर काढा, प्लॅस्टिक चढवलेल्या सळईने एक छर्रा मागून पुढे हळू ढकला आणि तोंडाशी हातात घ्या. भिंगातून बघा. मागच्या घेरावर नळीच्या खाचा उमटलेल्या दिसतीलच. डोक्यावर चौफेर बारीक रेघा असतील तर हेड बसतंय. एका बाजूला रेघा आणि दुसरी बाजू कोरी चकचकीत, तर छर्रा नळीत तिरका चाललाय. ढकलताना तोंडाजवळ हाताला किंचित घट्ट लागलं तर घाबरू नका. तो चोक असतो, नळीचा मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेला भाग. नळी कापून "छोटी आणि हलकी" करून घेणारे हाच चोक कापून टाकतात.

स्लगचं वेड

परदेशी व्हिडिओंत शंभर मीटरवर स्लगने, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या छर्र्याने, एका भोकात पाच शॉट मारलेले दिसतात आणि इकडे मागणी सुरू होते. फरक समजून घ्या. आपला छर्रा कमरेत बारीक, मागे पोकळ; बॅडमिंटनच्या फुलासारखा हवाच त्याला सरळ ठेवते. स्लगला कंबर नाही. तो भोवऱ्यासारखा फक्त फिरण्यावर उभा राहतो, आणि फिरकी कमी पडली की लटपटतो. त्याला नळीच्या खाचांचा योग्य पीळ लागतो, वेगही बहुधा सेकंदाला २६० मीटरच्या आसपास किंवा वर. चोकही नसलेला किंवा अगदी हलका बरा.

हिशोब करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या वर गेलेल्या एअरगनला परवाना लागतो. ०.८५ ग्रॅमच्या स्लगला २० ज्यूलमध्ये जेमतेम २१७ मीटरचा वेग मिळतो. मॅच रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासची, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सुमारे १७० मीटरने जातो. तिच्यात स्लग घालणं म्हणजे स्कूटीला ट्रॉली जोडणं. दहा मीटरला चपट्या डोक्याचा छर्राच हवा, कागदात गोल स्वच्छ भोक तोच पाडतो.

नळीचे हाल

नळीचं तोंड जमिनीवर, भिंतीला टेकवू नका; कडेला केसाएवढा ओरखडा पडला तरी हवा एका बाजूने आधी सुटते. लोखंडी ब्रश तर नकोच. साफसफाईला फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात, त्यानंतर वीस-तीस शॉट नळी स्थिरावेपर्यंत स्कोअर मोजू नका. आणि नळीत घरचं तेल ओतू नका. स्प्रिंगच्या गनमध्ये ते आत पेट घेतं, धूर येतो, वेग बेभरवशाचा होतो.

छर्रे लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने आणि पावसाळी दमटपणाने शिशावर पांढरी भुकटी येते, आणि ती विषारी असते. छर्रे दातांत धरून लोड करणारे काका अजून आहेत. त्यांना कोणीतरी हटका. सराव संपला की साबणाने हात धुवा.

आता दोष कसा ओळखायचा. ग्रुप उभा लांबला तर आधी सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाकडे बघा: वेग १७० वरून १६५ वर आला तरी छर्रा एक मिलिमीटर खाली बसतो, म्हणजे चार दशांश गेले. ग्रुप सगळीकडे पसरला तर हेड चुकलंय किंवा नळी मळलीय. घरच्या, नळी मोडून भरायच्या गनमध्ये त्याआधी दस्त्याचे स्क्रू बघा, दहापैकी पाच वेळा तेच सैल असतात. नऊ एका भोकात आणि एकच बाहेर, तर छर्र्याचा मागचा घेर दबलेला असू शकतो. खाली पडलेल्या डबीतले छर्रे काचेवर एकेक करून घरंगळवा. सगळे सारख्याच कमानीत वळतात, दबलेला अडखळत जातो.

माझ्या त्या ४.५० च्या उरलेल्या सहा डब्या एका कॅडेट मुलीला दिल्या. तिच्या नळीतून दहा शॉट व्हाइसवर घेतले, बाहेरची कड ते कड ५.७ आली.