प्राण्यांची दफनभूमी कशी पाहावी आणि आपल्या प्राण्याची आठवण कशी जपावी

घरातला प्राणी म्हातारा होऊ लागला तरी त्याच्या अखेरच्या व्यवस्थेचा विचार बहुतेक जण पुढे ढकलत राहतात. मग तो निर्णय मन थाऱ्यावर नसताना, काही तासांत, समोर आलेल्या कागदावर सही करून घ्यावा लागतो. ही वेळ येऊ नये म्हणून प्राण्यांची एखादी दफनभूमी आधीच, शांत डोक्याने पाहून यावी. लोकांनी आपल्या कुत्र्यामांजरांविषयी काय लिहून ठेवले, कोणता दगड शंभर वर्षे टिकला आणि कोणती अक्षरे वीस वर्षांत पुसली गेली, हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाही.

कोणती जागा पाहायची हे आपण कशासाठी जात आहोत यावर ठरवावे. इतिहासाची आवड असेल तर पॅरिसलगतच्या आस्निएर येथील दफनभूमीला पर्याय नाही. मेलेले प्राणी नदीत किंवा कचऱ्यात टाकण्यास मनाई करणारा आणि ते वस्तीपासून शंभर मीटर दूर, एक मीटर मातीखाली पुरावेत असे सांगणारा कायदा फ्रान्समध्ये 1898 मध्ये झाला. त्यानंतर वर्षभरात पत्रकार आणि स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मार्गरीत द्युराँ व वकील जॉर्ज आर्म्वा यांनी सेन नदीकाठी ही जागा उभी केली. न्यूयॉर्क राज्यातील हार्ट्सडेल तिच्याहूनही थोडी जुनी आहे. एका पशुवैद्याने 1896 मध्ये आपल्या सफरचंदाच्या बागेत एका परिचिताला कुत्रा पुरू दिला, त्यातून ती वाढत गेली आणि आजही तिथे दफन होते. लंडनच्या हाइड पार्कमधील लहानशा दफनभूमीची सुरुवात 1881 मध्ये चेरी नावाच्या कुत्र्यापासून झाली. बागेच्या द्वारपालाने आपल्या निवासामागे दिलेल्या जागेत काहीशे प्राणी पुरले गेले आणि 1903 मध्ये ती भरल्यामुळे बंद झाली. ती एरवी कुलूपबंद असते आणि मार्गदर्शकासह ठरलेल्या फेरीतच पाहता येते. म्हणून कुठेही निघण्यापूर्वी प्रवेशाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि आगाऊ नोंदणी लागते का, एवढे विचारून घ्यावे. आपल्या प्राण्यासाठी व्यवस्था शोधणे हा हेतू असेल, तर प्रसिद्ध जागांच्या मागे न लागता सध्या वापरात असलेली जवळची दफनभूमी पाहावी आणि तिथल्या कार्यालयातही डोकवावे.

आत गेल्यावर लगेच सगळीकडे फिरू नये. आधी सर्वांत जुना भाग गाठावा आणि तिथून नव्या समाध्यांकडे यावे, म्हणजे माणसांची प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली हे दगडांवरच वाचता येते. ब्रिटनमधील चार दफनभूमींतल्या हजाराहून अधिक दगडांचा अभ्यास पुरातत्त्वज्ञ एरिक टुरीनी यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील दगडांवरच्या लेखांत प्राणी बहुधा ‘विश्वासू मित्र’ असतो. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, तो घरातला सदस्य होत जातो, त्याच्या नावापुढे कुटुंबाचे आडनाव येऊ लागते आणि पुनर्भेटीची आशाही अधिक उघडपणे व्यक्त होते. काही जुन्या दगडांवर हे आडनाव कंसात किंवा अवतरणचिन्हांत कोरलेले आढळते. कुत्र्याला आडनाव देताना वाटलेला तो संकोच शोधून पाहण्यासारखा आहे.

अर्थात दगडावर कोरलेले सगळेच खरे मानू नये. आस्निएरच्या प्रवेशद्वारापाशी आल्प्स पर्वतातील मठाच्या बॅरी या सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे भव्य स्मारक आहे. त्याने चाळीस जणांचे प्राण वाचवले आणि एकेचाळिसाव्याने त्याला मारले, असा त्याचा लेख सांगतो. प्रत्यक्षात बॅरी म्हातारा झाल्यावर 1812 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे नेला गेला, 1814 मध्ये तिथेच वारला आणि पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर त्या शहराच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आजही आहे. मला त्याच आवारातील दुसरे स्मारक अधिक महत्त्वाचे वाटते. 1958 च्या मे महिन्यात एक बेवारस कुत्रा दफनभूमीच्या दारात येऊन मेला. तो तिथे पुरला गेलेला चाळीस हजारावा प्राणी ठरला आणि व्यवस्थापनाने त्याच्यासाठी स्वतंत्र स्मारक उभारले. चित्रपटांतून गाजलेल्या रिन टिन टिन या कुत्र्याची समाधीही येथेच आहे. गर्दी तिच्याभोवती होते हे साहजिक असले, तरी अनाम मालकांच्या साध्या दगडांना त्याहून जास्त वेळ द्यावा.

ही प्रथा आधुनिक श्रीमंतीतून निघाली, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला इजिप्तमधील बेरेनिके या प्राचीन बंदराचे उदाहरण द्यावे. तिथे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पाचशेहून अधिक प्राणी पुरले गेले. त्यांत मांजरे सर्वाधिक होती आणि काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे किंवा मण्यांच्या माळा सापडल्या. ब्रिटिश संग्रहालयात मार्गारिटा नावाच्या रोमन शिकारी कुत्रीचा संगमरवरी मृत्युलेख आहे. त्यात ती स्वतःच बोलते, गॉलमधला (आजच्या फ्रान्सच्या परिसरातला) आपला जन्म आणि मालकांच्या मांडीवर पहुडण्याची सवय सांगते, आणि पिलांना जन्म देताना आलेले मरणही.

आता वागण्याविषयी. वापरातील दफनभूमीत आपण पाहुणे असतो आणि शेजारच्या समाधीपाशी उभी असलेली व्यक्ती कालच आपला प्राणी पुरून गेलेली असू शकते. म्हणून आवाज खाली ठेवावा, माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि नव्या समाधीचे छायाचित्र घेण्यापूर्वी कार्यालयात परवानगी विचारावी. समाधीवर ठेवलेले चेंडू, पट्टे, पत्रे यांना हात लावू नये, ती कितीही जीर्ण झालेली असोत. अस्पष्ट अक्षरे वाचण्यासाठी दगडावर खडू किंवा पीठ चोळण्याची सवय वाईट आहे, आणि तारेचा ब्रश किंवा आम्लयुक्त साबण त्याहून वाईट. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा बाजूने विजेरीचा झोत टाकला असता, पुसट अक्षरेही उठून दिसतात. स्वतःचा कुत्रा बरोबर न्यायचा असेल तर नियम आधी पाहावेत. मांजर असलेल्या घरी परतताना लिलीची फुले आणू नयेत, कारण त्यांचे परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतात.

दुःख ताजे असताना जावे की नाही, याला एक उत्तर नाही. ज्यांना इतरांचे लेख वाचून आपण एकटे नाही असे वाटते त्यांनी जावे. ज्यांना दगडांची ती रांगच असह्य होते त्यांनी स्वतःवर सक्ती करू नये. लहान मुलांना मात्र नेण्यापूर्वी काय दिसेल ते सरळ शब्दांत सांगावे. ‘तो झोपला आहे’ असे सांगितल्यास मुले पुढे झोपेलाच घाबरू लागतात.

आपल्या प्राण्यासाठी निर्णय घेताना पहिला प्रश्न दफन की दहन हा असतो. दफन करायचे तर स्थानिक नियम तपासावेत, विहीर व ओढा यांच्यापासून दूरची जागा निवडावी, शरीर सुती कापडात गुंडाळावे, प्लास्टिक वापरू नये आणि वर किमान एक मीटर माती येईल इतका खड्डा घ्यावा. पशुवैद्याने पेंटोबार्बिटल देऊन दयामरण दिले असेल तर ही काळजी दुप्पट महत्त्वाची ठरते. हे औषध मृत शरीरात दीर्घकाळ टिकते, आणि ते उकरून खाणारी कुत्री, कोल्हे किंवा गिधाडे त्याने मरू शकतात.

दहनात अनेक प्राण्यांचे एकत्र दहन आणि स्वतंत्र दहन असे दोन प्रकार असतात. एकत्र दहनात रक्षा परत मिळत नाही. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ भट्टीत एकच प्राणी असतो, की एकाच भट्टीत अनेक प्राणी अंतर राखून ठेवले जातात, हे स्पष्ट विचारावे. ओळख पटवण्याची पद्धत कोणती, हेही विचारण्यात संकोच करू नये. काही ठिकाणी गरम अल्कधर्मी द्रावणात शरीर विरघळवण्याचा पर्याय असतो, आणि त्यानंतरही हाडांची भुकटी परत मिळते. रक्षा झाडाच्या मुळाशी घालण्याची कल्पना लोकप्रिय आहे. परंतु ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची, क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असल्यामुळे एका जागी ओतल्यास कोवळे रोप जळते. थोडीच रक्षा घेऊन ती भरपूर मातीत आणि सेंद्रिय खतात मिसळावी.

दगड निवडताना दफनभूमीतील भेटीचा खरा उपयोग होतो. संगमरवर सुंदर दिसतो, पण पावसातील आम्लाने त्याची अक्षरे झिजतात. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरे सर्वाधिक टिकतात, नुसत्या रंगाने भरलेली नव्हे. मजकुराबाबत माझा आग्रह असा की तयार कविता टाळाव्यात. एकच ओळ शेकडो दगडांवर दिसू लागली की ती कुणाचीच राहत नाही. नाव, वर्षे आणि त्या प्राण्यालाच लागू पडणारी एखादी गोष्ट, मग ती त्याची खोड का असेना, एवढे पुरते. ते एका दमात वाचता यावे.

समाधी नकोच असेल तरीही आठवण जपता येते. पंज्याचा ठसा घ्यायचा तर शरीर ताठर होण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या काही तासांतच घ्यावा, आणि केसांची बट कापण्यासाठीही पशुवैद्यांना आधीच सांगून ठेवावे. शरीरात पेंढा भरून घेण्याबाबत मात्र पूर्ण विचार करावा. मेलेल्या मालकाची स्थानकावर वर्षानुवर्षे वाट पाहणारा जपानी कुत्रा हाचिको टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात अशा रूपात उभा आहे, पण तो राष्ट्राचा कुत्रा होता. घरात रोज समोर येणारे असे शरीर अनेकांना सांत्वनापेक्षा अस्वस्थताच देते. प्राण्याच्या नावाने निवारागृहाला दिलेली देणगी किंवा त्याची औषधे व गाद्या गरजूंना देणे, हे मार्ग मला अधिक पटतात.

शेवटी कागदपत्रे. दफनभूमीतील जागा अनेकदा ठरावीक मुदतीच्या भाड्यावर असते आणि नूतनीकरण चुकल्यास दगड हलवला जाऊ शकतो. म्हणून मुदत, वार्षिक शुल्क, देखभालीची जबाबदारी, आणि जमीन विकली गेल्यास समाध्यांचे काय होईल, हे करारात लिहून घ्यावे. नूतनीकरणाची सूचना कुणाकडे जाईल यासाठी घरातील धाकट्या व्यक्तीचेही नाव द्यावे. प्राण्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर त्या नोंदणीत आणि विमा असल्यास विमा कंपनीकडे मृत्यू कळवावा. लसीकरणाच्या आठवणीचे संदेश आपोआप येत असतील, तर ते थांबवण्याची विनंती दवाखान्याला त्याच आठवड्यात करावी.