वारसाच्या कामासाठी बेळगाव भागात वकील कसा नेमावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागात घरातील कोणी वारले की दिवसकार्य होताच 'चांगला वकील कोण?' अशी विचारणा सुरू होते. वास्तविक त्याआधी मयताने मागे काय ठेवले आहे आणि त्यातील कशासाठी न्यायालयात जावेच लागेल, हे ठरवायला हवे. पुष्कळ कुटुंबांना न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. त्यांचे काम नाड कचेरीत (तहसील कार्यालयाच्या गावपातळीवरील महसुली कचेरीत) आणि बँकेत आटोपते.

शेतजमीन असेल आणि वारसांत वाद नसेल तर मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि उतारा जोडून पौती खात्यासाठी, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी, अर्ज करावा. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १२८ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीसाठी तीस दिवस मिळतात आणि हरकत न आल्यास 'भूमी' या कर्नाटकच्या संगणकीकृत जमीन नोंदींतील उताऱ्यावर वारसांची नावे चढतात. याला वकील लागत नाही. हरकत आलीच तर नोंद वादग्रस्त ठरते, सुनावणी होते आणि त्या निकालावर बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडी येथील प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अशा वेळी महसुली कामे चालवणारा वकील पाहावा. दिवाणी न्यायालयात नावाजलेला वकील तहसील कचेरीतील कामात तेवढाच मुरलेला असेल असे नाही. मात्र उताऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही, कारण मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयच करते.

बँकेतील ठेवीला नॉमिनी असेल तर बँकेने न्यायालयाच्या वारस प्रमाणपत्राचा (सक्सेशन सर्टिफिकेटचा) आग्रह धरू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मात्र नॉमिनी हा पैशाचा धनी नसून वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो. नॉमिनी नसेल, रक्कम मोठी असेल किंवा शेअर्स असतील, तर भारतीय वारसा कायदा, १९२५ खालील वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मयताच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणच्या न्यायालयातून मिळते, संपूर्ण भारतात चालते आणि फक्त येणे रकमा व रोख्यांपुरते असते. म्हणजे खानापूरला राहणाऱ्या मयताची कोल्हापुरात ठेव असेल तर कोल्हापूरला वेगळा अर्ज करण्याचे कारण नाही. घर वा जमीन मात्र या प्रमाणपत्राने कोणाच्याही नावावर होत नाही. 'सगळ्याचेच एकदम वारस प्रमाणपत्र काढून देतो' असे कोणी सांगू लागला, तर तो वकील सोडून पुढे जावे.

मृत्युपत्र असेल तर 'प्रोबेट काढा', म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. हिंदू, जैन, बौद्ध व शीख यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती जुना बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरती होती. बेळगावचे घर आणि चिकोडीचे शेत एवढ्यासाठी ती कधीच नव्हती. तरीही एखादा वारस मृत्युपत्रच खोटे म्हणत असेल, तर प्रोबेट किंवा दिवाणी दावा यांपैकी एक वाट धरावी लागते, आणि ती कोणती हे ठरवण्यासाठीच अनुभवी वकील हवा. मृत्युपत्र नोंदणीकृत असो वा नसो, त्यावरील दोन साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष लागते. म्हणून पहिल्याच भेटीत वकील 'साक्षीदार हयात आहेत का, कोठे असतात?' असे विचारतो की थेट फीवर येतो, हे पाहावे.

आता या भागाचा खास प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि त्याच वेळी त्यातील चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे एकाच घराण्याचे शेत चंदगडात आणि वाडा बेळगावात, अशी स्थिती येथे नवलाची नाही. जुनी खरेदीखते व वाटणीपत्रे मराठीत, काही मोडीत. नंतरचे उतारे कन्नडमध्ये. न्यायालयाचे कामकाज कन्नड व इंग्रजीत. मराठी कागद दाखल करताना त्याचे भाषांतर जोडावे लागते, आणि खतातील सर्व्हे नंबर किंवा हिस्सा भाषांतरात चुकला तर तो दोष पुढे वर्षानुवर्षे निस्तरावा लागतो. म्हणून वकिलाला कन्नड सफाईने येत असावे, मराठी वाचता येत असावी आणि मोडी वाचणारा माणूस त्याच्या माहितीत असावा. दाखल होणारा प्रत्येक कन्नड मसुदा मराठीत समजावून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये. 'नंतर सांगतो, आधी सही करा' हे उत्तर पुरेसे नाही.

चंदगडातील सातबाऱ्यावरची फेरफार नोंद तेथील तलाठ्याकडेच होणार, आणि तेथील जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदवायचे तर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क लागणार. वाटणीचा दावा मात्र दोन्हीकडची मालमत्ता धरून एकाच न्यायालयात लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ मध्ये तशी सोय आहे. मालमत्ता दोन राज्यांत असेल तर वकिलाला हा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण दोन दावे म्हणजे दोन फिया.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीबाबत अधिक सावध राहावे. सत्तरच्या दशकात फॉर्म नंबर ७ (कुळाचा मालकी हक्काचा अर्ज) भरून लँड ट्रिब्युनलकडून, म्हणजे जमीन न्यायाधिकरणाकडून, जमीन मिळाली, तेव्हा अनेक घरांत अर्ज एकट्या थोरल्या भावाच्या नावे होता आणि जमीन सगळे मिळून कसत होते. पुढच्या पिढीत ती एकट्याची की एकत्र कुटुंबाची, असा वाद उभा राहतो. असा इतिहास असल्यास ट्रिब्युनलच्या आदेशाची नक्कल आधी काढावी आणि असे दावे चालवलेला वकीलच गाठावा.

वंशावळीत कोणाचेही नाव गाळू नये. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर हयात आईही वाटेकरी असते, आणि तिचाच विसर सर्वांत जास्त पडतो. वडिलार्जित मिळकतीत मुलगी २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. साडीचोळी करून बहिणीची सही घेण्याची रीत अजून चालू आहे. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर प्रश्न नाही, पण तिला तिचा हिस्सा किती हे न सांगता सही घेऊन या म्हणणारा वकील उद्या तुमच्याच दाव्याला कमकुवत करतो. वारसांत मतभेद असतील तर एकच वकील दोन्ही बाजूंचा सल्लागार होऊ शकत नाही; काकांचे वर्षानुवर्षांचे वकील 'घरचेच' असले तरी तुमचे नसतात.

नावे जमवताना तुमच्याच तालुक्यात नुकतेच असे काम करून घेतलेल्या दोन-तीन घरांना विचारावे. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने फलकावरून काही कळत नाही, आणि कचेरीबाहेर स्वतःहून गाठणाऱ्या एजंटाकडून तर नाव घेऊच नये. वकिलीची सनद कर्नाटकची असो वा महाराष्ट्राची, वकील देशात कोठेही काम चालवू शकतो. पण तारखेला हजर कोण राहणार, ते स्वतः की कनिष्ठ, हे विचारून घ्यावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

फी टप्प्याटप्प्याने ठरवावी आणि कागदावर घ्यावी. कोर्ट फी, दैनिकातील नोटिशीचा खर्च, भाषांतर व नकला यांचे आकडे त्यात वेगळे दाखवून घ्यावेत. मिळणाऱ्या मालमत्तेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत बसत नाही, त्यामुळे 'जमीन मिळाली की दोन गुंठे' असला व्यवहार करू नये. मूळ खते देताना यादी करून वकिलाची पोच घ्यावी. दावा दाखल झाला की त्याचा सी.एन.आर. क्रमांक (प्रत्येक दाव्याला मिळणारा अक्षरे व अंक मिळून सोळा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक) मागून घ्यावा; ई-कोर्ट्स ॲपवर तो घातला की पुढची तारीख घरबसल्या दिसते, आणि 'तारीख पडली' एवढ्या निरोपावर विसंबावे लागत नाही.

वकील बदलण्याची वेळ आली तर आधी जुन्या वकिलाकडून ना हरकत मागावी. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. वकिलाविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. ती त्याची सनद ज्या राज्याची असेल तेथील बार कौन्सिलकडे लेखी द्यावी, आणि सोबत फीच्या पावत्या व कागदांची पोच जोडावी.