कॉलेजात कव्वाली आणि गिरक्या: गॅदरिंगच्या सूफी संध्येची तयारी

गॅदरिंगच्या पत्रिकेत ‘सूफी नाइट’ छापलं जातं, आणि प्रत्यक्षात होतं ते असं: सिनेमातली दोन गाणी, धुराचं मशीन आणि पांढऱ्या घेरदार झग्यातली चार मुलं अर्धा मिनिट गरगर फिरून झोकांड्या खात विंगेत जातात. कव्वाली असो की गिरक्या, दोन्हींत रंग सावकाश चढतो. पहिल्या मिनिटाला सगळं देऊन टाकलं की उरलेला तास रेटावा लागतो. म्हणून रचना, सूर, माइक, प्रकाश, कशाबद्दलही ठरवताना एकच बघा: पुढे चढायला जागा राहतेय का?

तयारीला किमान सहा आठवडे हवेत, तेही गिरक्यांमुळे. गाणाऱ्यांचं चार आठवड्यांत भागतं. डिसेंबरअखेरचं संमेलन धरलं तर दिवाळीची सुट्टी संपताच सुरुवात करायची. सूफी कवी रूमींचं निधन १७ डिसेंबर १२७३ चं, आणि तुर्कस्तानात कोन्याला दर डिसेंबरात त्यांचा स्मरणसोहळा असतो. त्यामुळे निवेदकाला हा धागा आयता मिळतो.

दोन परंपरा, दोन भाग

कव्वाली चिश्ती या सूफी परंपरेतली. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुसरो (१२५३–१३२५) ही तिची मुख्य नावं. गिरक्या मेवलेवींच्या, म्हणजे कोन्यातल्या रूमींच्या पंथाच्या. कव्वालीच्या ठेक्यावर तुर्की झगा फिरवणं दिसायला छान दिसतं, पण जमत नाही. कव्वालीची लय वाढत जाते आणि फिरणारा तिच्यामागे ओढला जातो. गिरक्यांना स्थिर लय लागते. तेव्हा गिरक्यांचा भाग वेगळा ठेवा, बासरी आणि हलक्या डफाच्या साथीवर. बासरी इथे त्यांच्या ‘ने’ या बोरूच्या वाद्याची जागा घेते.

मेवलेवींचा ‘सेमा’ हा विधी आहे. त्यात नातने (पैगंबरांच्या स्तुतीने) सुरुवात, ‘ने’चा आलाप, तीन संथ फेऱ्या, चार ‘सलाम’ म्हणजे फिरण्याचे टप्पे, कुराणपठण असा ठरलेला क्रम असतो. तुम्ही करताय तो नाच, म्हणून पत्रिकेत ‘सेमापासून प्रेरित’ एवढंच लिहा. उंच नमद्याची टोपी घालू नका. ती अहंकाराच्या थडग्यावरचा दगड मानतात आणि झगा म्हणजे कफन. झग्यासारखा घेर चालेल, टोपी भाड्याच्या ड्रेपरीतून आणलेली बरी दिसत नाही.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तो खराच आहे. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादेला आले, त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांच्या अनुयायांच्या समामधल्या (सूफींच्या गाण्याच्या बैठकीतल्या) नाचण्याची धाटणीही वेगळी होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर मराठीत अभंग लिहिले. त्यांचा एखादा अभंग केहरवा तालात बसवला की मराठी श्रोत्याला पहिल्यांदाच सगळे शब्द कळतात आणि सभागृह जवळ येतं. भीमगीतांनी कव्वालीचा बाज महाराष्ट्रात घरोघरी कधीच नेलाय, तेव्हा ‘आपल्या पोरांना हे जमेल का’ ही चिंता फुकाची आहे.

क्रम

आधी हम्द म्हणजे ईश्वरस्तुती, मग नात म्हणजे पैगंबरांची, मग मन्कबत म्हणजे एखाद्या अवलियाची. त्यानंतर काफी (सूफी पद), गझल, कबीर, अभंग. शेवट ‘रंग’ने, म्हणजे खुसरोंच्या ‘आज रंग है’ने. एकूण ७५ मिनिटं धरा: हम्द ८, नात ८, मन्कबत १२, पुढच्या दोन रचना २५, गिरक्या १२, रंग १०. गिरक्या रंगाच्या आधी ठेवा. त्या मध्ये घातल्या तर नंतर गायकांना पुन्हा शून्यातून उभं राहावं लागतं, आणि अगदी शेवटी ठेवल्या तर लोक टाळ्या वाजवत उठतात, कव्वालीचा चढ वाया जातो.

प्रत्येक रचनेची घडण सारखीच. पेटीवर नगमा, म्हणजे नुसती धून, मग ठेक्याशिवाय एखादा शेर, मग मुखडा, आणि अंतऱ्यात गिरह, म्हणजे दुसऱ्या कवीची ओळ मधे गुंफून पुन्हा मुखड्यावर येणं. विद्यार्थी गिरह पाठ करून आणतात आणि चारही एकापाठोपाठ फेकतात. एका रचनेत दोन पुरेत, आणि दोन्हींच्या मधे मुखड्याची तकरार, म्हणजे पुनरावृत्ती, किमान चार वेळा. लोक ओळ धरतात ती त्या तकरारीत.

शब्द देवनागरीत लिहून वाटा, पण नुक्ते, म्हणजे अक्षराखालचे ठिपके, देऊन. मराठी जिभेला खरा अडथळा ‘ज’चा येतो. जहाजातला ‘ज’ आणि जीवातला ‘ज’ आपण दोन्ही बोलतो, मात्र उर्दू शब्दांत कुठे कोणता ते ठाऊक नसतं. ‘जान’ आणि ‘ज़माना’ यांतला फरक कागदावर खूण करूनच बसतो. क़, ख़, ग़ घशातून येतात, पण ओढूनताणून काढलेला घसा साध्या ‘क’पेक्षा वाईट वाटतो.

मंडळी, सूर, टाळी

नऊ जण पुरे. दोन मुख्य गायक, एक पेटीवाला जो गातोही, तबला, ढोलक आणि मागे चार साथीदार. पुढच्या रांगेत गायक आणि पेटी, मागच्या रांगेत साथ, ठेकेवाले मागे मधोमध. मागच्या रांगेखाली सहा इंचांचा पाट किंवा लाकडी प्लॅटफॉर्म टाका, नाहीतर त्यांना मुख्य गायकाचा हात दिसत नाही. आणि सगळे इशारे हातानेच होतात. बैठक १२ बाय ८ फूट, पातळ गादी, वर पांढरी चादर ताणून कडेला टाचलेली. जाड गादीवर मांडी रुतते, अर्ध्या तासात पाय बधिर होतात.

सूर ठरवताना होणारी चूक म्हणजे रेकॉर्डिंगमधली पट्टी उचलणं. तयारीचे कव्वाल वरच्या पट्टीत तासन् तास गातात. कॉलेजचा मुलगा काळी तीनमध्ये पहिली रचना गाजवतो, चौथीला त्याचा आवाज फाटतो. मुलांनी काळी एकपासून सुरू करून बघावं आणि पट्टी ठरवावी ती चाळीस मिनिटं गाऊन झाल्यावर. मुली बहुधा काळी चार-पाचला मोकळ्या गातात. दोघांना एकाच रचनेत एकाच वेळी गायला लावायची मधली पट्टी काढली की ती कुणाचीच राहत नाही. मुलींना स्वतःची रचना द्या आणि तिच्यासाठी दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) आधीच लावून बाजूला ठेवा. एकच दायाँ मंचावर ठोकून ठोकून चढवण्यात पाच मिनिटं जातात आणि तो सुरात टिकत नाही तो नाहीच.

टाळीकडे कुणी लक्ष देत नाही, आणि कव्वाली पडते ती टाळीवरच. केहरव्याच्या आठ मात्रांत सुरुवातीला फक्त १ आणि ५ वर. मुखडा दोनदा होऊन गेला की १, ३, ५, ७ वर. ही चार टाळ्यांची चाल मोबाइलच्या मेट्रोनोमवर ८० ला लावून सराव करा, रचना संपताना ती ११० च्या आसपास यावी. घोटाळा असा होतो की चौघे एकमेकांच्या हाताकडे बघतात, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आधी पोचायला जातो, आणि दोन मिनिटांत लय १२० वर. मग शेवटी वाढवायला काही उरत नाही. नजर ढोलकवाल्याच्या थापेवर ठेवायची, आणि लय वाढवायचा अधिकार फक्त त्याला. डावा तळवा छातीसमोर स्थिर, फक्त उजवा हलतो. दोन्ही हात फेकले की आवाज सैल येतो आणि दंडही लवकर भरून येतात. पहिले तीन दिवस गाणं न घेता नुसती टाळी आणि ढोलक करा. कंटाळवाणं आहे, पण हेच तीन दिवस नंतर कामी येतात.

आवाजाची जोडणी

दहा चॅनल लागतात: मुख्य गायकांना दोन, पेटीवाल्याच्या गळ्याला एक, पेटीला एक, तबल्याला दोन, ढोलकला एक, मागच्या चौघांत दोन, आणि एक राखीव. बारा चॅनलचा मिक्सर सांगा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला लावू नका, फुसफुस ऐकू येते. मागच्यांचे माइक तोंडाच्या उंचीवर आणि हातांच्या वर. टाळी माइकच्या समोरच पडली तर दर मात्रेला आवाज फाटतो.

शिटी वाजते ती बहुधा साथीच्या माइकमुळे, कारण ते लांबून आवाज घ्यायला उघडे ठेवलेले असतात आणि मॉनिटर (कलाकारांना ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) त्यांच्याकडे तोंड करून असतो. मॉनिटर पुढच्या रांगेसमोर, दोनच. मागच्यांना पुढच्यांचा आवाज तसाही ऐकू येतो.

साउंड चेक नेहमी पहिल्या संथ आलापावर केला जातो. उलट करा. सगळ्यांना शेवटच्या रचनेचा शेवटचा मिनिट पूर्ण जोरात गायला लावा, त्यावर गेन (माइकच्या आवाजाची पातळी) बांधा, मग आलापाकडे या. साउंडवाला सूफी म्हटल्यावर एको वाढवतो, हे गृहीत धरूनच चाला. शेवटच्या रांगेत कुणाला तरी कागद-पेन देऊन बसवा, ऐकलेली पहिली ओळ लिहायला सांगा. त्याला लिहिता आली नाही तर एको कमी करा.

गिरक्या

तुर्की पद्धतीत घड्याळाच्या उलट दिशेने, डाव्या पायाभोवती फिरतात. डावा पाय खांब. तो जमिनीवरून सुटत नाही, चवड्यावर वळतो. उजवा पाय चाक, डाव्या पोटरीजवळून उचलून पुढे टेकवायचा. तिथल्या जुन्या शिक्षणात लाकडी फळीवर खिळा असतो, डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत तो धरून, मीठ टाकून घासणं कमी करून, मुलगा जागच्या जागी फिरायला शिकतो. आपल्याला टेपची फुली पुरे.

पहिला आठवडा पूर्ण फेरी नाही. पाव फेरी घ्या, थांबा, पुन्हा पाव. दुसऱ्या आठवड्यात अर्धी, मग पूर्ण. त्यानंतर एक मिनिट सलग, आणि दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवत आठपर्यंत. मंचावर सहा मिनिटं सलग करायची तर सरावात आठ हवीत. वेग मिनिटाला १५ फेऱ्यांपासून ३० पर्यंत, त्यापुढे नको. तीन मिनिटं फिरून पाय फुलीपासून फूटभर सरकला असेल तर तो विद्यार्थी अजून तयार नाही.

कथक शिकलेल्या मुली तोल लवकर धरतात, पण त्यांची मान झटकून समोर येते. चक्करमध्ये ती सवय बरोबर, इथे नाही. झटक्याने खांदा हलतो आणि घेर लाटेसारखा वरखाली होतो. इथे डोळे उघडे, नजर सैल, डाव्या हाताच्या अंगठ्यावरून जाऊ द्यायची. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे.

घेरी येते ती फिरताना कमी आणि थांबल्यावर जास्त. आतल्या कानातला द्रव शरीर थांबल्यावरही फिरत राहतो, मेंदूला वाटतं आपण उलट चाललो. म्हणून शेवटच्या पाच-सहा फेऱ्या हळू करत आणायच्या, हात छातीवर आडवे घेऊन खांदे धरायचे, दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं, नजर जवळच्या एका वस्तूवर, दहा श्वास. लगेच वाकायचं नाही. नमस्कारही नंतर. सरावाआधी दोन तास जड खाणं नको, अगदी उपाशीही नको. फिट्स, कानाचा आजार, अर्धशिशी यांपैकी काही असेल त्याला टाळी द्या, गिरकी नको. मात्र दोन आठवड्यांनंतर बहुतेकांची तक्रार घेरीची नसते, खांद्यांची असते. हात चार मिनिटांत खाली यायला लागतात. नुसते हात धरून सहा मिनिटं उभं राहण्याचा सराव वेगळा करा.

पायात रबरी तळ असेल तर पाय धरतो आणि गुडघा पिळतो. सुती मोज्यांवर पॉलिश केलेल्या लादीवर माणूस थेट पडतो. पातळ चामड्याच्या तळाचे नाचाचे बूट सगळ्यांत बरे.

घेराचं माप. कंबर २८ इंच आणि लांबी ३८ धरली तर कंबरेच्या गोलाची त्रिज्या साडेचार इंच, म्हणजे पूर्ण त्रिज्या साडेबेचाळीस आणि व्यास ८५ इंच. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडाचे ८५ इंचांचे दोन तुकडे जोडून हा गोल निघतो, साडेचार मीटर कापड लागतं. जॉर्जेट नको, ते फडफडतं. साधं मलमल घामाने चिकटतं. जाडसर टेरिकॉट घ्या. कडेला वजन नसेल तर घेर उघडतच नाही, म्हणून पट्टीत जाड सुती दोरी शिवा, परीघ पावणेसात मीटरचा आहे, सात मीटर दोरी आणा. शिवण्याआधी गोल कापून एक रात्र टांगून ठेवा. तिरक्या धाग्यावरचं कापड खाली उतरतं, मग कड वाकडी दिसते. आत चुडीदार आणि अस्तर हवंच, मागून दिवा पडला की पांढरं कापड पारदर्शक होतं.

उघडलेला घेर फार जागा खातो. दोन नाचणाऱ्यांच्या मधे आठ फूट, कडेपासून पाच. तीस फूट रुंद मंचावर तिघे बसतात. पाच जणांचा हट्ट झाला की घेर एकमेकांत अडकतात आणि एक जण खाली येतो. स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) आणि फिरते दिवे बंद, फिरणाऱ्याची दिशाच हरवते. धूर तर नकोच, त्यातल्या ओलाव्याने फरशी निसरडी होते आणि गायकांचे गळे कोरडे पडतात.

परवानग्या, पैसे

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो. मैदानावर असेल तर लेखी परवानगी आधी काढा आणि ७ ला सुरुवात करा, ७.३० म्हणजे ८ होतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी केलेल्या कार्यक्रमाला सवलत आहे, पण श्रोते विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक एवढेच असतील तर. बाहेरच्यांना तिकीट लावलं की सिनेमातल्या रचनांचा परवाना लागतो. खुसरो, कबीर, शेख महंमद यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, फक्त चाल एखाद्या आजच्या संगीतकाराची उचललेली नसावी.

मंचावर नोटा उधळल्या जातील, हे धरूनच चाला. चालू गाण्यात कुणी गायकाच्या डोक्यावरून नोटा ओवाळायला लागला की मागच्यांची टाळी तुटते. मंचाच्या कडेला एक थाळी आणि शेजारी स्वयंसेवक बसवा, निवेदकाने पहिल्या रचनेआधीच नजराणा थाळीत ठेवायला सांगावं. गिरक्यांच्या वेळी टाळ्या शेवटच्या माणसाचे दोन्ही पाय टेकल्यावर, हेही तेव्हाच सांगून ठेवा.