परदेशी वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी: फार्मसीच्या विद्यार्थ्यासाठी तयारीची यादी

परदेशी रुग्णालयात प्रशिक्षणाला जाताना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विमा ही कामे कोणी विसरत नाही, म्हणून त्यांविषयी येथे लिहीत नाही. सुरुवात हिपॅटायटिस बीपासून करावी, आणि तीही निघण्याच्या किमान नऊ महिने आधी. या लसीचे नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील अँटीबॉडीचा टायटर, म्हणजे त्यांची पातळी, तपासावा लागतो. तो दर मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिटपेक्षा कमी आला, तर पुन्हा डोस आणि पुन्हा तपासणी. लस घेतल्याचा दाखला आणि टायटरचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कृपया नीट ध्यानात घ्यावे. माझ्याजवळ तिन्ही डोसांच्या शिक्क्यांचे कार्ड होते, टायटर नव्हता. त्यामुळे ओळखपत्रावर आरोग्य कक्षाचा हिरवा ठिपका लागला नाही आणि प्रशिक्षणाच्या सहा आठवड्यांपैकी पहिले नऊ दिवस सोबतचे विद्यार्थी राउंडला जात असताना मी ग्रंथालयात बसून राहिलो. ते नऊ दिवस मला परत मिळाले नाहीत.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींचे प्रत्येकी दोन डोस आणि त्यांच्या नोंदी हव्यात. क्षयरोगाची त्वचाचाचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते, आणि गोवराची लस आधी टोचली असेल तर चाचणी चार ते सहा आठवडे पुढे ढकलावी लागते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करावे. त्याच दिवशी टायटरसाठीही रक्त देऊन टाकावे.

अभ्यासात सर्वाधिक वेळ एककांना द्यावा. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काही देशांत मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये येते, १.२ म्हणजे सुमारे १०६, कारण गुणक ८८.४ आहे. मूत्रपिंडांची क्षमता काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या ७२ छेद असलेल्या, मिलिग्रॅममधील क्रिएटिनिन धरणाऱ्या सूत्रात चुकून १०६ घातले, तर ठणठणीत मूत्रपिंडे निकामी दिसतील आणि औषधाची मात्रा विनाकारण घटवली जाईल. रक्तशर्करेसाठी मिलिमोल प्रति लिटरला १८ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळते. नावांचेही तसेच: पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, ग्लिबेन्क्लामाइड ग्लायब्युराइड. ब्रँडच्या नावावर तर मुळीच विसंबू नये; फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत टॅमसुलोसिन हे प्रोस्टेटचे औषध मिळे, इटलीत त्याच नावाने मॉर्निफ्लुमेट हे वेदनाशामक. रुग्ण घरून आणलेली गोळी दाखवतो तेव्हा पाकिटावरील मूळ घटक वाचल्याशिवाय नोंद करू नये. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘यू’ (U) हे एकच अक्षर लिहू नये, ते शून्यासारखे वाचले जाते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा.

पोहोचल्यावर संगणकाचा प्रवेश पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. रुग्णाचे नाव वहीत लिहू नये, केसपेपरचे छायाचित्र काढू नये. तासांच्या नोंदीवर मार्गदर्शकाची सही दर आठवड्याला घ्यावी, मूल्यमापनाचा अर्ज परतण्यापूर्वी भरून घ्यावा. बाकीचे तेथे कळेल. टायटरच्या अहवालाच्या दोन छापील प्रती मात्र हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि एक प्रत निघण्याच्या महिनाभर आधी रुग्णालयाला पाठवून ती मंजूर झाल्याचे लेखी उत्तर मागून घ्यावे.